चार डिस्का, एक दप्तर

आषाढीच्या वारींत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघाली म्हणजे वाटेंत काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें आणि त्या रात्रीं इंदापूर तालुक्यांतील सणसर या गांवीं तिचा मुक्काम पडतो. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊंस पिकविणारें हें गांव त्या एका रात्रीपुरतें टाळमृदंगांनीं भरून जातें. जमलेल्या वारकऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या हातीं पोथी असते. अभंग असतो तो कंठांत, आणि तोहि एका कंठांत नव्हे, हजारों कंठांत. एखाद्यास मधला चरण आठवला नाहीं, तर शेजारचा तो उचलतो आणि भजन अडत नाहीं.

या अभंगांच्या वह्या एकदां इंद्रायणींत बुडविण्यांत आल्या आणि तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. भाविक त्यांत ईश्वरी हात पाहतात. दुसरे कांहीं असें मानतात, कीं वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडीं होते, म्हणून ते तरले. या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. पुढें १८६९ ते १८७३ या वर्षांत मुंबई सरकारच्या साह्यानें इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथेची छापील आवृत्ति निघाली, तेव्हां देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर अशा निरनिराळ्या ठिकाणचीं हस्तलिखितें संपादकांसमोर होतीं. एकाच प्रतीवर सारी भिस्त ठेवण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं. मजकूर टिकावयाचा, तर तो एकाहून अधिक जागीं असावा लागतो, हें जुन्या लेखकांना पुरतें ठाऊक होतें.

आज सणसरच्या परिसरांतलें महत्त्वाचें लिखाण वह्यांत राहिलेलें नाहीं. गांवाजवळच भवानीनगर येथें श्री छत्रपति सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे अशा कोणत्याहि कारखान्याच्या वजनकाट्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक रात्रंदिवस येत असतात. गाडीचें भरलेलें व रिकामें असें दोनदां वजन होतें, आणि त्यांतील फरक ऊंस देणाऱ्याच्या नांवावर पडतो. हा फरक आतां संगणकांत टिपला जातो. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊंस पोंचल्यापासून चौदा दिवसांच्या आंत शेतकऱ्यास किंमत मिळावयाची असते, आणि ती किंमत याच आंकड्यावरून निघते. जमिनीचा सातबाराहि महाराष्ट्रांत संगणकावर गेला असून २०१८ पासून तो डिजिटल सहीनें मिळूं लागला. शहरांतील सुशिक्षित कुटुंबाचे लग्नमुंजींचे फोटो, विम्याचे कागद, मुलांच्या परीक्षांचीं प्रमाणपत्रें हीं सर्व त्याच वाटेनें गेलीं आहेत. या साऱ्या दप्तराचा भार शेवटीं ज्या वस्तूवर पडतो ती हातांत मावणारी धातूची एक डबी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात.

या डबींत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, पण आरशासारख्या गुळगुळीत अशा एक किंवा अनेक तबकड्या एकाच कण्यावर बसविलेल्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ लेप असतो, आणि त्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे या वेगानें फिरत राहतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकते. येथें लिहिणारें व वाचणारें टोंक तबकडीला टेंकत नाहीं, हवेच्या पातळ थरावर तरंगतें. हें अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतें. धक्का बसला, कण्याचें वंगण सुकलें, विजेचा दाब एकदम चढला, कीं हा तोल बिघडतो. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें अशा जातीचें पहिलें यंत्र विक्रीस काढलें, तेव्हां त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कवर त्याच्या लाखों पट मजकूर मावतो. परंतु फिरणारी वस्तु झिजते हा नियम सुटलेला नाहीं. हजारों डिस्का एकत्र वापरणाऱ्या संस्थांचे प्रसिद्ध झालेले आंकडे पाहिले, तर दरसाल शेंकडा एक ते दोन डिस्का निकामी होतात असें दिसतें. हलणारे भाग नसलेल्या एस. एस. डी. जातीच्या डिस्का आतां पुष्कळ संगणकांत असतात; त्यांचें मरण निराळ्या कारणानें येतें, पण येतें खास.

तेव्हां प्रश्न असा, कीं केव्हां तरी मरणाऱ्या वस्तूवर न मरणारें दप्तर कसें ठेवावें? त्याचें उत्तर अनेक डिस्का एकत्र बांधून देण्याची जी विद्या निघाली, तिला संगणकाच्या व्यवहारांत रेड असें आटोपशीर नांव आहे.

हें नांव १९८८ सालचें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनीं त्या वर्षीं शिकागो येथील एका परिषदेंत एक निबंध वाचला. मोठ्या संगणकांना लागणाऱ्या प्रचंड व महाग डिस्कांच्या ऐवजीं घरगुती संगणकांतल्या लहान, स्वस्त डिस्का पुष्कळशा एकत्र बांधाव्या, हें त्यांचें म्हणणें. त्यांनीं तुलनेस घेतलेली आय. बी. एम.ची मोठी डिस्क ७५०० मेगाबाइटची होती आणि कॉनर कंपनीची लहान डिस्क १०० मेगाबाइटची. लहान डिस्का एकाच वेळीं कामाला लागल्या, तर मोठीला त्या वेगांत सहज मागें टाकीत. पण त्यांत एक पेंच होता, आणि निबंधाचें सारें मर्म त्या पेंचांत आहे. एका लहान डिस्कचें सरासरी आयुष्य ३०,००० तास, म्हणजे सुमारें साडेतीन वर्षें, असें धरलें होतें. अशा शंभर डिस्का जोडल्या, तर त्यांपैकीं कोणती तरी एक बिघडण्यास सरासरीनें ३०० तास पुरतात. म्हणजे पंधरवडाहि पुरा होत नाहीं. संख्येनें बळ वाढतें तसें दुखणेंहि वाढतें. म्हणून नुसत्या डिस्का जोडून भागत नाहीं; एखादी गेली तरी काम चालावें यासाठीं कांहीं मजकूर जास्तीचा ठेवावा लागतो. या जास्तीच्या मजकुराची रीत कोणती, त्यावरून त्यांनीं एक ते पांच असे प्रकार पाडले. शून्य व सहा हे क्रमांक मागाहून रूढ झाले.

या तिघांच्या आधीं अशा कल्पना कोणाला सुचल्याच नव्हत्या असें मात्र नव्हे. जुळ्या डिस्का कांहीं कंपन्यांच्या यंत्रांत अगोदरच होत्या, आणि हरवलेला भाग उरलेल्यांवरून परत काढण्याच्या युक्तीचें पेटंट आय. बी. एम.च्या नॉर्मन औची यांना १९७८ सालींच मिळालें होतें. बर्कलेच्या मंडळींनीं विखुरलेल्या युक्त्या एका ओळींत मांडल्या, त्यांचा हिशेब घातला आणि त्यांना नांव दिलें. हेंहि काम लहान नव्हे. नांवांतील ‘आय’ हें अक्षर मुळांत ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, या शब्दाचें. पुढें या संचांचा धंदा करणाऱ्यांच्या किंमती अशा कांहीं चढल्या, कीं तो शब्द त्यांनाच अवघड वाटूं लागला असावा. आतां त्या जागीं ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र, असा शब्द सांगण्यांत येतो.

शून्य क्रमांकाची रीत सर्वांत सोपी, आणि सर्वांत धोक्याची. उंसाचा मोठा फड एका टोळीनें तोडण्याऐवजीं चार टोळ्यांनीं चार बाजूंनीं धरला, तर काम चौथाई वेळांत उरकतें. तसेंच येथें मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, असे ओळीनें वांटतात. यास स्ट्रायपिंग म्हणतात. चार चार टेराबाइटच्या चार डिस्का असल्या, तर सोळाच्या सोळा टेराबाइट जागा वापरास मिळते आणि वेग जवळजवळ चौपट होतो. पण टोळीचें उदाहरण येथेंच संपतें. एक टोळी निघून गेली, तर उरलेल्या तिघींनीं तोडलेला ऊंस तरी हातीं राहतो. येथें एक डिस्क गेली, कीं उरलेल्या तिघींवर राहतो तो प्रत्येक चौथा तुकडा गळालेला मजकूर, आणि त्याचा बहुधा कांहींच उपयोग नसतो. एका डिस्कला वर्षांत शेंकडा दोन इतका धोका धरला, तर या चौघींच्या संचाला तो शेंकडा जवळजवळ आठ होतो. जास्तीचा मजकूर यांत मुळींच नाहीं; तेव्हां यास रेड म्हणणें हेंच मुळीं चुकीचें, आणि शून्य हा आंकडा त्यास शोभतो. चित्रपटाच्या जोडणीचें काम करणाऱ्यास तात्पुरत्या कामापुरती ही रीत ठीक. दप्तरासाठीं ती कोणीं वापरूं नये.

पहिल्या क्रमांकाची रीत सरळ जुळ्यांची. जें एका डिस्कवर लिहावयाचें तेंच त्याच क्षणीं दुसरीवरहि लिहावयाचें. एक मेली तरी दुसरी जशीच्या तशी उभी असते. वजनकाट्यावरील कारकुनास कदाचित् पत्ताहि लागत नाहीं. वाचण्याचें काम दोघींत वांटतां येतें, म्हणून वाचण्याचा वेग वाढतो. लिहिण्याचा वाढत नाहीं. दोन डिस्कांच्या किंमतींत एकीचीच जागा मिळते, हा यांतला दंड. हिशेबी माणसास तो डोळ्यांत खुपतो. तथापि या रीतींत न समजण्यासारखें कांहीं नाहीं, आणि बिघाडाच्या घाईच्या वेळीं या साधेपणाची किंमत फार मोठी असते.

दुपटीचा हा खर्च टाळून तेंच संरक्षण मिळावें, यासाठीं पॅरिटी नांवाची युक्ति आहे. ती या साऱ्या विद्येंतील सर्वांत सुंदर कल्पना होय. मराठी अंमलांत गांवचा हिशेब कुळकर्ण्याकडे असे आणि परगण्याचा देशपांड्याकडे. इंदापूर परगण्यांतील एखाद्या गांवचें दप्तर जळालें असें क्षणभर धरा. देशपांड्याकडे परगण्याची एकूण बेरीज आहे आणि इतर गांवांचे हिशेब शाबूत आहेत. तर बेरजेंतून ते वजा केले म्हणजे जळालेल्या गांवचा आंकडा हातीं येतो. तीन शेतकऱ्यांचा ऊंस १४, ९ आणि १७ टन असला आणि तळाशीं ४० ही बेरीज असली, तर तिघांपैकीं कोणताहि एक आंकडा पुसला गेला तरी तो परत काढतां येतो. तीन आंकड्यांच्या रक्षणास आणखी तीन नकोत; एक बेरीज पुरते.

जुन्या दप्तराच्या बेरजेंतून फक्त एकूण रक्कम परत मिळे, तपशील मिळत नसे. डिस्कांवरील बेरीज अशी मांडलेली असते, कीं त्यांतून एकूण एक अक्षर परत मिळावें. संगणकाचें सर्व लिखाण शून्य आणि एक या दोनच अंकांत असतें. तीन डिस्कांवर एकाच जागीं १, ०, १ असे अंक असले, तर चौथीवर असा अंक लिहावयाचा, कीं चारी मिळून एकांची संख्या सम व्हावी. येथें दोन एक आहेतच, म्हणून चौथीवर ०. पुढच्या जागीं १, १, १ असले, तर तीन ही संख्या विषम, म्हणून चौथीवर १. आतां दुसरी डिस्क मेली. पहिल्या जागीं उरले १, १ आणि ०. एकांची संख्या सम आहे, म्हणून हरवलेला अंक ०. दुसऱ्या जागीं उरले १, १ आणि १. संख्या विषम आहे, म्हणून हरवलेला अंक १. अशा रीतीनें अंकामागून अंक चालत जाऊन नव्या कोऱ्या डिस्कवर जुनीचा सर्व मजकूर पुन्हां उभा करतां येतो. चार डिस्कांपैकीं तिघींची, म्हणजे बारा टेराबाइट जागा वापरास राहते.

या युक्तीचा एक नियम मात्र विसरतां कामा नये. कोणती जागा रिकामी झाली हें ठाऊक असेल, तरच बेरीज उपयोगी पडते. कोणी १४ चे २४ केले आणि कोणाचे केले हें कळलें नाहीं, तर बेरीज जुळत नाहीं एवढेंच समजेल. चोर तिघांपैकीं कोण हें ती सांगणार नाहीं. सुदैवानें डिस्क बंद पडली किंवा तिच्यावरील एखादी जागा वाचतां येईना, तर ती बहुधा तसें स्वतःच कळविते. पण मुकाट्यानें चुकीचा अंक देणारी डिस्क ही या रीतीस पेलणारी गोष्ट नव्हे.

क्रमांक दोन आणि तीन यांना आज कोणी फारसें विचारीत नाहीं. चौथ्यांत बेरजेसाठीं एक डिस्क कायमची राखलेली असते. तींत अडचण ही, कीं कोणत्याहि डिस्कवरील कोणताहि आंकडा बदलला, कीं बेरजेच्या डिस्कवर धांव घ्यावीच लागते. बाकीच्या मोकळ्या बसतात आणि ती एकटी राबते. पांचव्या क्रमांकानें ही बेरीज पाळीपाळीनें सर्व डिस्कांवर वांटून दिली, आणि त्यामुळें हा प्रकार जगभर पसरला.

तरीहि लिहिण्याचा भार उरतोच. बेरजेच्या पद्धतींत एक लहानसा आंकडा बदलावयाचा झाला, तर आधीं जुना आंकडा वाचावा, जुनी बेरीज वाचावी, मग नवा आंकडा लिहावा आणि नवी बेरीज लिहावी, अशीं चार कामें होतात. जुळ्या डिस्कांत दोनच होतात. फोटोंचा सांठा एकदां ठेवला आणि वर्षांतून चार वेळां पाहिला, तेथें हा फरक जाणवत नाहीं. जेथें रात्रंदिवस गाड्या येतात आणि मिनिटामिनिटाला लहान लहान नोंदी होतात अशा वजनकाट्यावर तो जाणवतो. त्या जागीं दहा क्रमांकाची रीत पसंत करतात. हे दहा म्हणजे एक आणि शून्य: आधीं दोन दोन डिस्कांच्या जुळ्या जोड्या करावयाच्या, मग त्या जोड्यांवर मजकूर ओळीनें वांटावयाचा. वेगहि मिळतो आणि रक्षणहि. चार डिस्कांपैकीं एक गेल्यावर उरलेल्या तिघींपैकीं फक्त तिच्या जुळीचें मरण घातक असतें. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधीं वांटणी आणि मग त्या वांटणीची जुळी प्रत अशी मांडणी केली, तर एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिघींपैकीं दुसऱ्या बाजूच्या दोघींतील कोणत्याहि एकीचें मरण घातक ठरतें. सामान तेंच, किंमत तीच. बांधणी मागेंपुढें झाली, एवढ्यानें धोका दुप्पट!

पांचव्या क्रमांकाची कीर्ति गेल्या कांहीं वर्षांत उतरली, त्याचें कारण डिस्का मोठ्या झाल्या हें आहे. एक डिस्क मेली, नवी बसविली, आणि उरलेल्या सर्वांवरून तिचा मजकूर पुन्हां उभा करावयाचा, या कामास वेळ लागतो. वीस टेराबाइटची डिस्क सेकंदास २०० मेगाबाइट या वेगानें अखंड लिहिली, तरी सुमारें अठ्ठावीस तास जातात. मध्यें नित्याचें काम चालूं असेल तर त्याहून अधिक. या वेळांत संच उघडा पडलेला असतो. दुसरी डिस्क गेली कीं सर्व गेलें. शिवाय ज्या डिस्का एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, बहुधा एकाच घडणीच्या घेतलेल्या असतात, एकाच पेटींत एकच उष्णता सोशीत आलेल्या असतात, त्यांना नेमक्या याच दिवशीं आयुष्यांतलें सर्वांत मोठें कष्टाचें काम करावें लागतें. साध्या डिस्कांविषयीं कंपन्या असेंहि सांगतात, कीं सुमारें साडेबारा टेराबाइट वाचतांना एखादी जागा न वाचली जाणें हें मर्यादेंतलेंच धरावें. प्रत्यक्षांत डिस्का याहून पुष्कळदां बऱ्या निघतात. पण तीन मोठ्या डिस्का अथपासून इतिपर्यंत वाचावयाच्या असल्या म्हणजे हा आंकडा स्वस्थ झोंपूं देत नाहीं.

म्हणून सहावा क्रमांक. यांत बेरीज एक नव्हे, दोन असतात. मघाचेच १४, ९ आणि १७ घ्यावे. पहिली बेरीज ४०. दुसरी बेरीज करतांना पहिल्यास एकानें, दुसऱ्यास दोहोंनीं, तिसऱ्यास तिहींनीं गुणावें: १४, १८ आणि ५१ मिळून ८३. आतां पहिला व तिसरा असे दोन आंकडे एकदम पुसले गेले. उरला ९. पहिल्या बेरजेवरून कळतें, कीं हरवलेल्या दोघांची बेरीज ३१. दुसरीवरून कळतें, कीं पहिला अधिक तिसऱ्याची तिप्पट मिळून ६५. वजाबाकी केली, तर तिसऱ्याची दुप्पट ३४, म्हणजे तिसरा १७ आणि पहिला १४. दोन समीकरणें, दोन अज्ञातें. शाळेंतला विद्यार्थीहि हें सोडवील. संगणकांत आंकडे फुगत जाऊं नयेत म्हणून हें गणित एका निराळ्या, मर्यादित अंकांच्या जगांत करतात. त्या जगाचे नियम फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा यांच्या विचारांतून आले. १८३२ सालीं विसाव्या वर्षीं एका द्वंद्वयुद्धांत ते मारले गेले. त्या वेळीं त्यांच्या गणिताचा व्यवहारांत कांहीं उपयोग होईल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. सहाव्या क्रमांकांत चार डिस्कांपैकीं दोघींचीच जागा हातीं राहते, पण कोणत्याहि दोन मेल्या तरी दप्तर वांचतें. डिस्का सहा, आठ, दहा झाल्या, कीं हा दंड हलका होत जातो, आणि मोठ्या संचांस हीच रीत योग्य ठरते.

भारनियमनाशीं परिचय असलेल्या मुलखांत आणखी एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे. बेरजेच्या पद्धतींत आंकडा आणि बेरीज हीं दोन ठिकाणीं लिहिलीं जातात. आंकडा लिहिला आणि बेरीज लिहिण्याच्या आधीं वीज गेली, तर दोघांचा मेळ तुटतो. वीज परत आल्यावर सर्व कांहीं ठीक दिसतें. पुढें महिन्यांनीं एखादी डिस्क मरते, तिचा मजकूर त्या चुकीच्या बेरजेवरून काढला जातो, आणि मग ज्या शेतकऱ्याच्या नोंदीला त्या रात्रीं कोणीं हातहि लावला नव्हता त्याचा आंकडा बिघडून निघतो. हानि अशी दुसऱ्याच्या वाट्यास जाते आणि ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. यावर उपाय आहेत. यू. पी. एस. हा पहिला. महाग यंत्रांत अर्धवट राहिलेलें लिखाण धरून ठेवणारी बॅटरी असते. २००५ सालीं सन कंपनीनें खुल्या केलेल्या झेड-एफ-एससारख्या पद्धतींत जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहीतच नाहींत. नवा निराळ्या जागीं पुरा लिहून झाल्यावरच जुना सोडतात, आणि प्रत्येक तुकड्याची खूण निराळी ठेवतात, त्यामुळें खोटें बोलणारी डिस्कहि पकडली जाते. यू. पी. एस. न घेतां पांच क्रमांकाचा संच चालविणें म्हणजे कुलूप घेऊन कडी न बसविण्यासारखें आहे.

इतकें सर्व केल्यावर संस्थांचे चालक आणि घरचे कर्ते पुष्कळदां निश्चिंत होतात, आणि मोठें नुकसान येथेंच होतें. जोडलेल्या डिस्का यंत्राच्या मरणापासून वांचवितात. हुकुमापासून त्या वांचवीत नाहींत. कोणीं चुकून हंगामाची सबंध यादी पुसली, तर जुळी डिस्कहि ती त्याच क्षणीं, तितक्याच इमानानें पुसते. खंडणी मागणारा व्हायरस शिरला आणि त्यानें मजकुराला कुलूप घातलें, तर कुलूप दोन्ही प्रतींना लागतें. बेरीज तर बिचारी नव्या खोट्या आंकड्यांचीच नवी बेरीज मांडून मोकळी होते. आणि चारी डिस्का एका पेटींत, पेटी एका खोलींत, खोली तळमजल्यावर! पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचा पूर पाहिला; मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पाण्याला क्रमांक एक, पांच आणि सहा यांतला भेद कळत नाहीं.

गाथेचीं हस्तलिखितें देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथें निरनिराळीं होतीं, याचें महत्त्व येथें ध्यानीं येतें. एका गांवीं लेखकाचा हात चुकला, म्हणून दुसऱ्या गांवची प्रत चुकली नाहीं. संगणकाच्या भाषेंत यास बॅकअप म्हणतात, आणि तो रेडहून सर्वस्वीं निराळा असतो. रेडचा हेतु काम न थांबावें हा. वजनकाट्यापुढें गाड्यांची रांग लागलेली असतांना डिस्क मेली तरी रांग चालूं राहावी, पावत्या निघत राहाव्या, हें तें करतें. बॅकअपचा हेतु कालचा मजकूर उद्यां मिळावा हा. तो जुन्या तारखेचा असतो, दुसऱ्या जागीं असतो आणि नित्याच्या यंत्रापासून तुटलेला असतो. या तीन उणिवा भासतात, पण त्याचें सामर्थ्य त्यांतच आहे. एका मजकुराच्या तीन प्रति, दोन निराळ्या जातींच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं, असा साधा दंडक जाणकार सांगतात. सणसरच्या दप्तराची एक प्रत बारामतीस किंवा पुण्यास रोज रात्रीं जात असेल, तर भवानीनगरची खोली पाण्यांत गेली तरी चौदा दिवसांचा हिशेब अडत नाहीं.

मध्यमवर्गीय कुटुंबास एवढा पसारा लागत नाहीं. दोन डिस्कांची एक लहान पेटी घ्यावी, तिच्यांत पहिल्या क्रमांकाची जुळी मांडणी करावी, आणि शक्य तर दोन डिस्का निरनिराळ्या घडणीच्या घ्याव्या. चार डिस्कांचा पांचवा क्रमांक विकणारा दुकानदार जागेचा हिशेब गोड करून सांगतो. घरगुती सांठ्यास त्याची बहुधा गरज नसते. त्या पैशांत एक सुटी डिस्क घेऊन तिच्यावर महिन्याकाठीं नक्कल करावी आणि ती दुसऱ्या गांवीं असलेल्या बहिणीच्या किंवा काकांच्या घरीं ठेवावी. वर्षांतून एकदां त्या नकलेवरून दोनचार फोटो आणि एखादा कागद प्रत्यक्ष परत उघडून पाहावा. वर्षानुवर्षें नियमानें होत असलेली नक्कल कोरीच होती, हें नेमकें गरजेच्या दिवशीं कळल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

एक बारीक सूचना राहिली. संचांतील एक डिस्क मेली, कीं पेटीवर लाल दिवा लागतो किंवा तसा संदेश येतो, पण काम चालूंच राहतें. या चालूं राहण्यामुळेंच पुष्कळ लोक तो दिवा आठवडेच्या आठवडे तसाच ठेवतात. दिवा लागला त्याच दिवशीं आधीं नक्कल ताजी करून घ्यावी आणि मगच डिस्क बदलावी. बदलतांना घाईंत मेलेलीच्या ऐवजीं जिवंत डिस्क बाहेर ओढली जाते, आणि वांचलेलें दप्तर त्या क्षणीं जातें. म्हणून पेटी नवी असतांनाच प्रत्येक डिस्कचा क्रमांक तिच्या खणावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवावा, आणि तोच क्रमांक एका वहींतहि टिपावा.